बुद्धीची ओळख



'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' हे शब्द आपल्या जयघोषात किती सहज येऊन जातात! तोंडाने म्हणतो, टाळी वाजवतो आणि पुढे चालू लागतो. ब्रह्मांडे अनंत कोटी असतील तर तेथे राहते कोण, त्यांना आपल्यासारखी समज आहे की नाही, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी स्वतःला विचारला असेल? मी तरी पंचाहत्तरी जवळ येईपर्यंत तो विचारला नव्हता. शेवटी तो मला विचारला माझ्या बारा वर्षांच्या नातवाने, आणि तोही देवळात नव्हे, तर खोडदच्या माळावर.

जुन्नर तालुक्यात आळे नावाचे गाव आहे. ज्ञानोबारायांनी पैठणास ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदविले अशी कथा आपण कीर्तनात ऐकतो, त्या रेड्याची समाधी या गावी आहे. त्याच तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडद येथे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेने डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली एक प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारली आहे. दुर्बीण म्हणजे नळी नव्हे. जाळीच्या ३० तबकड्या आहेत. एकेक तबकडी ४५ मीटर, म्हणजे जवळजवळ शंभर हात रुंद. १४ तबकड्या मध्यभागी आणि उरलेल्या १६ तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. दरसाल २८ फेब्रुवारीस विज्ञानदिनानिमित्त तेथे शाळकरी मुलांची रीघ लागते. नातवाच्या हट्टाखातर मी गेलो. बरोबर आमच्या दिंडीचे विणेकरी तात्या होते. सकाळी आळ्याला समाधीचे दर्शन घेतले आणि दुपारी खोडदला पोहोचलो.

तबकड्यांकडे टक लावून पोरगा म्हणाला, "आबा, ह्या आकाशाचं ऐकतात ना? मग तिकडून कधी कुणी बोललं का?"

मी म्हटले, "नाही रे बाबा. ताऱ्यांचे, वायूंचे रेडिओ तरंग येतात, तेच ही दुर्बीण टिपते. तेच तिचे मुख्य काम. कोणी बोलल्याचे अजून जगात कोणीच ऐकलेले नाही."

"म्हणजे तिकडं शहाणं कुणी नाहीच?"

मी उत्तर जुळवीत होतो, तोच तात्या बोलले. तात्यांना सहीपुरते अक्षर येते, त्यापलीकडे नाही. म्हणाले, "आरं लेकरा, आपल्याला ऐकू न्हाई आलं, तर त्यो मुका का आपुन भैरं, ह्ये कुनी ठरवायचं?"

पोरगा हसला. मला मात्र हसू आले नाही. त्याचे कारण पुढे सांगणारच आहे. त्या रात्रीपासून मी या विषयावरचे जे मिळेल ते वाचू लागलो. त्यातून जे हाती आले ते आज आपणांपुढे ठेवतो.

आधी एक खुलासा. 'अनंतकोटी ब्रह्मांडे' असे आपण म्हणतो, म्हणून आपल्या पूर्वजांना परग्रहावरच्या जीवांची बातमी होती, असा दावा मी करणार नाही. तो भक्तीचा उद्गार आहे, पुराव्याचा कागद नव्हे. ज्याच्या त्याच्या जागी ज्याला त्याला मान द्यावा, म्हणजे दोहोंचीही अब्रू राहते.

आता पुरावा काय सांगतो? आपल्या आकाशगंगेतच किमान दहा हजार कोटी तारे आहेत. त्यांना आपल्या सूर्यासारखे ग्रह असतील हा फार दिवस नुसता तर्क होता. १९९५ साली मेयर आणि केलो या दोघा स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह शोधून काढला. त्याबद्दल त्यांस २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर शोधांचा सपाटा लागला आणि २०२५ पर्यंत अशा ग्रहांची संख्या ६००० च्या घरात गेली. आपल्याला सर्वांत जवळचा जो तारा, त्याच्याभोवतीही ग्रह असल्याचे २०१६ साली कळले. म्हणजे घरे आहेत, पुष्कळ आहेत. घरांत कोणी राहते काय, एवढेच ठाऊक नाही.

ते जाणून घेण्याची पहिली खटपट १९६० साली झाली. अमेरिकेत ग्रीन बँक येथे फ्रँक ड्रेक या तरुण शास्त्रज्ञाने २६ मीटर तबकडीची दुर्बीण जवळच्या दोन ताऱ्यांकडे वळवली आणि कान लावून बसला. काही ऐकू आले नाही. तेव्हापासून आजतागायत हा जागर चालू आहे. १९७७ च्या १५ ऑगस्टला ओहायो येथील दुर्बिणीने ७२ सेकंदांचा एक जोरकस तरंग टिपला. शास्त्रज्ञाने तो पाहून कागदाच्या कडेला आश्चर्याचा शब्द लिहिला. परंतु तो तरंग पुन्हा कधी आला नाही. आणि जो एकदाच येतो, त्यास निरोप म्हणता येत नाही.

त्याच्याही आधी, १९५० साली, एन्रिको फर्मी या थोर शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर जेवता जेवता विचारले होते की, विश्व इतके जुने आणि इतके मोठे, तर मग ही सगळी मंडळी आहेत कुठे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कोणी म्हणतो, 'नाहीतच.' कोणी म्हणतो, 'आहेत, पण फार दूर.' दूर म्हणजे किती? १९७४ साली पोर्तो रिको बेटावरच्या आरेसिबो येथील दुर्बिणीतून आपण माणसांनी एका तारकागुच्छाकडे संदेश धाडला. तो पोहोचायला सुमारे २५,००० वर्षे लागतील. तेथे कोणी असलेच आणि त्याने तत्काळ उत्तर दिले, तरी ते यायला तितकीच वर्षे. तेव्हा 'असणे' वेगळे आणि 'भेटणे' वेगळे. या दोहोंची गल्लत आपण करू नये.

येथवरचा हिशेब सोपा आहे. संभव मोठा, पुरावा शून्य. खरी अडचण पुढेच आहे. आपण ज्यास शोधतो आहोत ती 'बुद्धी' म्हणजे काय?

शास्त्रज्ञांनी त्यासाठी एक व्यवहारी माप घेतले आहे. ज्याचे रेडिओ तरंग आपल्यापर्यंत येतील, तो बुद्धिमान. यात त्यांचा दोष नाही. इतक्या लांबून जे ऐकू येईल तेच ऐकणार! हे माप तोकडे आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. पण तुम्हीआम्ही ते तोकडेपण विसरतो आणि मापालाच वस्तू समजून बसतो. आता हेच माप उलट फिरवून पाहू. समजा, आपल्यापासून साधारण ७३५ प्रकाशवर्षे दूर कोणी जीव आहेत आणि त्यांनी आज आपली दुर्बीण पृथ्वीकडे वळवली. त्यांना आजची पृथ्वी दिसणार नाही. तरंगांना तेथवर जायला ७३५ वर्षे लागतात, म्हणून त्यांना त्या काळची पृथ्वी दिसेल. तो काळ कोणता? शके १२१२ चा. नेवाशास खांबाला टेकून एक तरुण गीतेचा अर्थ मराठीत सांगतो आहे, समोर श्रोते बसले आहेत, सच्चिदानंदबाबा लिहून घेत आहेत. त्या क्षणी ते दूरचे शास्त्रज्ञ आपल्या वहीत काय टिपतील? 'या ग्रहावर रेडिओ तरंग नाहीत. बुद्धिमान जीव आढळला नाही.'

वाचकहो, जरा थांबून विचार करा. ज्या दिवशी मराठी भाषेचे भाग्य उजळले, त्या दिवसाची त्यांच्या दप्तरी नोंद 'बुद्धी नाही' अशी होईल! आर्यभट, सॉक्रेटीस, ज्ञानोबा, तुकोबा, सगळे त्या मापात नापास. कारण रेडिओ माणसाच्या हाती आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पृथ्वीवर जीव निर्माण होऊन साडेतीनशे कोटी वर्षे तरी झाली. त्यात रेडिओची ही सव्वाशे-दीडशे वर्षे म्हणजे वारीच्या सगळ्या वाटेत एक पाऊलही नव्हे.

आपल्या भाषेत 'हुशार' आणि 'शहाणा' हे दोन वेगळे शब्द आहेत. हुशार तो, जो काम साधतो. शहाणा तो, जो कोणते काम साधावे हे जाणतो. 'समज' आणि 'जाण' हे आणखी वेगळे. दुर्बिणीला हुशारीचा आवाज येऊ शकेल. शहाणपणाचा आवाज कोणत्या लहरीवर येतो, हे कोणी सांगावे?

बरे, आकाश राहू द्या. पृथ्वीवरच पाहू. समुद्रात ऑक्टोपस नावाचा आठ हातांचा प्राणी आहे. त्याला तीन हृदये असतात आणि त्याचे रक्त निळे असते. त्याच्या अंगात सुमारे पन्नास कोटी मज्जापेशी असतात, पण त्यांतल्या दोनतृतीयांश डोक्यात नसून हातांत असतात. त्याचा नि आपला समाईक पूर्वज पन्नास कोटी वर्षांहूनही मागे होऊन गेला. म्हणजे त्याची बुद्धी आपल्या बुद्धीची भाऊबंद नव्हे, ती स्वतंत्रपणे, दुसऱ्याच वाटेने आली. हा प्राणी बरणीचे झाकण फिरवून उघडतो, टाकीतून निसटतो, नारळाच्या करवंट्या बरोबर नेऊन त्यांचा आडोसा करतो. परका जीव पाहायचा तर आणखी कुठे जायला हवे?

मधमाशी घ्या. तिचा मेंदू तो केवढा, दहा लाख पेशींच्या आसपास. पण फुले सापडली की ती पोळ्यावर येऊन नाचते. अंधारात, उभ्या पोळ्यावर, सरळ वरच्या दिशेशी जो कोन करून ती नाचते, तोच कोन बाहेर सूर्याच्या दिशेशी धरून उडत गेले की फुले मिळतात. किती वेळ नाचली त्यावरून अंतर कळते. कार्ल फॉन फ्रिश यांनी ही खूण उलगडली आणि १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हजारो वर्षे माणूस मध काढून खात होता, पण ती काय सांगते आहे हे त्याला कळले नव्हते.

येथे कोणी म्हणेल, 'मग काय, सगळेच बुद्धिमान! मुंगीही, दगडही!' तसे म्हणणे दिसायला उदार आहे, पण त्याने शब्दाचा अर्थच पातळ होतो. २००० साली जपानात एक प्रयोग झाला. मेंदू नाही, मज्जापेशी नाहीत, असा एक पिवळा लिबलिबीत जीव चक्रव्यूहासारख्या वाटांत पसरू दिला आणि दोन टोकांना खाद्य ठेवले. काही तासांनी बाकीच्या वाटा सोडून त्याने दोन खाद्यांमधली सर्वांत जवळची वाट तेवढी धरून ठेवली. हे अद्भुत खरेच. पण त्यास शहाणा म्हणावे काय? मला वाटते, काम साधणे ही पहिली पायरी. नेहमीची युक्ती चालेनाशी झाली की नवी शोधणे ही दुसरी. समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखणे ही तिसरी. आणि 'माझे चुकते तर नाही ना?' असे स्वतःस विचारणे ही चौथी. तो पिवळा जीव पहिल्या पायरीवर आहे. ऑक्टोपस दुसरीवर तर खासच आहे. तिसरीवर कोण कोण चढले याचा शोध चालू आहे. चौथीवर आपण माणसे स्वतःस बसवून घेतो. प्रत्यक्षात तेथे किती वेळ बसतो, ते ज्याचे त्यास ठाऊक!

शिवाय, नसलेली बुद्धी दिसू लागण्याचाही धोका आहे. १८७७ साली इटलीच्या स्कियापारेल्ली या ज्योतिषशास्त्रज्ञाने मंगळावर रेषा पाहिल्या. पुढे अमेरिकेच्या पर्सिव्हल लॉवेलने त्यांना कालवेच ठरवले आणि ते खोदणाऱ्या मंगळवासीयांची थोर संस्कृती वर्णन केली. लोक वर्षानुवर्षे डोलले. १९६५ साली मरिनर-४ यान मंगळाजवळून गेले. छायाचित्रांत कालवा एकही नाही, नुसते खड्डे. (त्याच स्कियापारेल्लीच्या नावाचे यान १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण आवाज आपल्या खोडदच्या तबकड्यांनी ऐकला. उतरण्याच्या किंचित आधी तो बंद पडला. यान आदळून फुटले होते.) १९६७ साली इंग्लंडात जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला आकाशातून दर १.३३ सेकंदांनी एकेक ठोका ऐकू आला. थट्टेने त्यास 'लहान हिरवी माणसे' असे नाव दिले गेले. पण तेथे माणसे नव्हती, गरगर फिरणारा एक मृत तारा होता.

आणि बर्लिनचा तो घोडा! त्याचे नाव हान्स. मालक गणित घाली आणि घोडा खुरांनी उत्तराइतके ठोके देई. १९०४ साली मोठमोठ्या मंडळींची समिती बसली. तिला काही लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने १९०७ साली गुपित उकलले. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसले, किंवा तो घोड्याच्या दृष्टीआड असला, की घोडा चुके. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याचे डोके नकळत केसभर हाले, ते पाहून घोडा थांबे. झाले! 'घोडा ढ आहे' असे म्हणून लोक घरी गेले.

पण वाचकहो, घोडा ढ होता काय? ज्या हालचालीची खबर खुद्द माणसाला नव्हती, ती त्या जनावराने टिपली होती. विद्वानांनी त्याच्यात गणित शोधले. ते नव्हते. जे होते त्याकडे मात्र कोणी वळून पाहिले नाही. आळ्याच्या समाधीपाशी मला हेच आठवते. रेड्याने वेद म्हटला या चमत्काराकडे आपण डोळे विस्फारून पाहतो. कथेचा रोख मात्र रेड्यावर नाही, भोवती उभ्या असलेल्या पंडितांवर आहे. समोर उभ्या असलेल्या चार लेकरांमध्ये काय आहे, ते ज्यांना दिसले नाही, त्यांची ती परीक्षा होती. आज तर शब्द बोलून दाखवणारी यंत्रेही निघाली आहेत. विचारावे ते उत्तर देतात. नुसते बोलता येणे ही काही बुद्धीची शेवटची खूण नव्हे आणि बोलता न येणे ही तिच्या अभावाची खूण नव्हे, हे आता तरी कळायला हरकत नाही.

मला हे कळायला फार उशीर झाला. आता ते सांगतो.

१९७८ च्या सुमारास मी एका खेड्यात शाळामास्तर होतो. दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. जन्मापासून बहिरा, म्हणून मुका. मी त्याला शेवटच्या बाकावर बसवले. दोन वर्षे तो तेथे बसला. फळ्याकडे पाही, माझ्या ओठांकडे पाही, दुसऱ्यांच्या पाट्यांत डोकावे. डोकावला म्हणून मी त्याला छडीही मारली. प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिला, 'मंद.' तिसरीतून बापाने त्याला काढून घेतले, तेव्हा मला खरे सांगायचे तर सुटल्यासारखेच वाटले.

वीस-बावीस वर्षांनी त्या गावच्या हरिनाम सप्ताहाला मला बोलावले होते. रात्री कीर्तन रंगात आले असता जनरेटर बंद पडला. मंडपात काळोख. कोणीतरी धावत जाऊन एका माणसाला घेऊन आले. त्याने इंजिनाच्या अंगाला तळहात लावला, हँडल मारायची खूण केली, डोळे मिटले, दोन वेळा हात हलवून दुसरीकडे लावला आणि मग एकच नळी सोडवून साफ केली. इंजिन सुरू झाले. शेजारचे म्हणाले, 'याला ऐकू येत नाही, पण पंचक्रोशीत असा मिस्त्री नाही. आजार हाताने ओळखतो.' उजेड पडला तसे त्याने माझ्याकडे पाहिले. मी त्याला ओळखले नाही. त्याने मला ओळखले. पुढे येऊन माझ्या पायांवर डोके ठेवले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन वर्षे ती बुद्धी माझ्यापासून दहा हातांवर बसली होती. प्रकाशवर्षे मध्ये नव्हती, काळोख नव्हता. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती आणि मी 'आढळली नाही' असे वहीत लिहून मोकळा झालो. माझे माप एकच होते, कानांनी ऐकून तोंडाने म्हणणे. त्या मापाने तो रिता होता. खोडदला तात्या 'आपुन भैरं' म्हणाले तेव्हा मला हसू का आले नाही, हे आता आपल्या ध्यानी आले असेल.

तेव्हा चुका दोन प्रकारच्या. नाही ते आहे म्हणणे ही एक, आणि आहे ते नाही म्हणणे ही दुसरी. पहिलीपासून शास्त्र आपल्याला सांभाळते आणि ते सांभाळणे आवश्यक आहे, नाहीतर मंगळावर कालवे खणले जातील आणि भोंदूंचे फावेल. पण दोहोंची किंमत सारखी नाही. पहिल्या चुकीत आपले हसे होते. दुसऱ्या चुकीचा दंड आपण भरीत नाही, तो समोरचा भरतो. स्पेनचे लोक अमेरिकेत उतरले तेव्हा तेथल्या रहिवाशांना माणसाची बुद्धी आहे की नाही यावर युरोपात वाद झडले. ती माणसेच आहेत हे रोमच्या पोपला १५३७ साली फर्मान काढून सांगावे लागले, आणि तरी १५५० साली पुन्हा विद्वानांची सभा भरवावी लागली. वाद होत होते तोवर ती माणसे खाणींत मरत होती. लांब कशाला जा? चोखोबांची समाधी पंढरीत महाद्वारासमोर आहे. आत जाण्याची वाट त्यांच्या बांधवांना मिळाली ती १९४७ साली, साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यावर. आपण रोज ज्यांचे अभंग गात होतो, त्यांनाच दाराबाहेर उभे करीत होतो. मग दूरच्या ताऱ्यावरचा कोणी भलत्याच रूपाचा जीव उद्या समोर आला तर आपण त्याला ओळखू, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. दोन्ही आता सूर्यमालेच्या वाऱ्यापलीकडे गेली आहेत. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. कधी कोणाला सापडली तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून तीत ५५ भाषांतले नमस्कार आहेत. त्यात आपली मराठी आहे. गोव्याच्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. आणि त्याच तबकडीत देवमाशांचे गाणेही भरले आहे. त्या गाण्याचा अर्थ आपल्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हता, आजही नीट ठाऊक नाही. तरी ते धाडले. मला यात फार मोठे मन दिसते. 'आम्हाला हे कळत नाही, पण हेही आमच्या घरचे आहे, तुम्हाला कळले तर पाहा,' असे माणूस जणू म्हणाला. चौथी पायरी म्हणतात ती हीच असावी.

आपल्या वारीत एक रीत आहे. भेटेल तो भेटेल त्याच्या पाया पडतो. पडताना तो शिकलेला आहे काय, त्याची जात कोणती, त्याला किती अभंग पाठ आहेत, हे विचारीत नाही. धाकट्याच्या पाया थोरला पडतो. ही रीत आपण सवयीने पाळतो, तिचा अर्थ मनाशी आणीत नाही. समोरचा थोर आहे असा निकाल त्यात दिलेला नाही. माझे माप अपुरे असेल एवढी कबुली त्यात आहे. पारख मागाहून करावी, अवश्य करावी, पण आधी वाकावे. आकाशातल्या शेजाऱ्याबद्दल, समुद्रातल्या आठ हातांच्या जीवाबद्दल आणि शेवटच्या बाकावरच्या पोराबद्दल, तिघांबद्दलही याहून बरी वागणूक मला तरी सुचत नाही.

नातवाला अखेर काय सांगितले? सांगितले की, बाळा, तिकडे कोणी आहे की नाही ते ठाऊक नाही. असेल असे वाटते, पण वाटणे म्हणजे असणे नव्हे. तबकड्या ऐकताहेत, त्या ऐकू देत. तुझ्या वर्गात कोणी गप्प बसणारे आहे काय, ते आधी पाहून ये. दुसऱ्या दिवशी तो शाळेतून आला आणि त्याने एका मुलीचे नाव सांगितले. आता तिच्याशी बोलतो म्हणे.

आणि मी? त्या मिस्त्रीचे घर येथून तीन कोसांवर आहे. दर एकादशीला मी त्याच्याकडे जातो. त्याच्या हातांच्या खुणा शिकतो. आजवर चाळीसेक आल्या. चुकलो की तो हसतो आणि माझी बोटे धरून नीट करतो. छडी मात्र मारीत नाही.

रामकृष्ण हरि.